मुलाला निवासी शाळेत ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर

मूल निवासी शाळेत गेले की आमच्या नाशिकच्या बाजूला त्याच्याविषयी दोन प्रकारे बोलले जाते. कोणी म्हणतो, ‘मुलाला बोर्डिंगला ठेवले’, आणि कोणी म्हणतो, ‘बोर्डिंगला टाकले’. दुसरा शब्द वापरणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, तो सवयीने तोंडात येतो. परंतु दहा वर्षांचे मूल तो ऐकते आणि जसाच्या तसा लक्षात ठेवते. मी नाशिकजवळच्या एका निवासी शाळेत अकरा वर्षे गृहपाल होतो. पाचवी ते सातवीची चाळीस मुले माझ्या देखरेखीखाली झोपत, उठत, आजारी पडत आणि रुसत. रात्री दिवे मालवल्यावर ‘सर, मला इथे का टाकलं?’ असे ज्या मुलांनी विचारले, त्यांतल्या बहुतेकांना घरात कोणीही नीट कारण सांगितलेले नव्हते.

मुलाला निवासी शाळेत पाठवणे हे चांगले पालकत्व आहे का, असे मला आजही विचारले जाते. माझे मत असे की, दूर राहणाऱ्या मुलाला आपले दुखणे आई-वडिलांपर्यंत पोहोचवण्याची वाट उघडी राहिली, तर हा निर्णय चांगला ठरू शकतो. ती वाट बंद झाली, तर प्रशस्त मैदान, इंग्रजी माध्यम आणि नव्वद टक्क्यांचा निकाल यांपैकी कशानेही त्याची भरपाई होत नाही. ती वाट प्रवेशाच्या अर्जापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कशी उघडी ठेवावी, यासाठी हे लिहिले आहे.

कारण आधी स्वतःला सांगावे

बोर्डिंग ही आपल्याकडे श्रीमंतांची गोष्ट म्हणून आलेली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी केली. नाशिकमध्ये उदोजी मराठा बोर्डिंग उभे राहिले, आणि १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम त्याच परंपरेत वाढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह चालवले. गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून ही मुले घर सोडून आली. पंगतीत बसलेल्या प्रत्येक मुलाला आपण येथे कशासाठी आलो आहोत हे ठाऊक होते, आणि घरची आठवण येऊनही ती टिकली याचे एक कारण मला त्यातच दिसते.

आज नाशिक परिसरात निवड करण्याइतक्या निवासी शाळा आहेत. देवळालीची बार्न्स स्कूल १९२५ पासून आहे, डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेली भोसला मिलिटरी स्कूल आहे, दिंडोरी तालुक्यात खेडगावला जवाहर नवोदय विद्यालय आहे, शिवाय गेल्या काही वर्षांत निघालेल्या अनेक खासगी शाळा आहेत. निवड वाढली तशी कारणेही वाढली, आणि त्यांतली सगळीच मुलाच्या हिताची नसतात.

कारण तपासण्याची माझी रीत साधी आहे. आई-वडिलांनी वेगवेगळे बसून, एकमेकांना न दाखवता, ‘आपण याला निवासी शाळेत ठेवतो आहोत, कारण…’ हे वाक्य कागदावर पूर्ण करावे आणि नंतर ते मुलासमोर मोठ्याने वाचता येईल का हे पाहावे. ‘आपल्या गावात आठवीच्या पुढे चांगले विज्ञान शिकवत नाहीत’, ‘बाबांची दर दोन वर्षांनी बदली होते’, ‘तुला सैन्यात अधिकारी व्हायला एनडीएमध्ये जायचे आहे’, ‘आईच्या उपचारांसाठी आम्हाला वर्षभर मुंबईला ये-जा करावी लागणार आहे’ ही वाक्ये मुलासमोर वाचता येतात. ‘तू मोबाइल सोडत नाहीस’, ‘तू उलट बोलतोस’, ‘तुला वळण लागावे’ ही वाक्ये वाचताना आवाज अडखळतो. जे कारण मुलाला सांगता येत नाही, त्यावर घेतलेला निर्णय मूल शिक्षा म्हणूनच भोगते. घरात नवरा-बायकोचे भांडण पेटलेले असताना ‘त्याला यातून लांब ठेवू’ म्हणून पाठवलेली मुले मी पाहिली आहेत. ती भांडणापासून लांब जात नाहीत. आपल्या पाठीमागे घरात काय चालले असेल याचा विचार करत ती वर्गात बसतात.

‘नीट वागला नाहीस तर बोर्डिंगला टाकीन’ हे वाक्य घरात एकदा जरी उच्चारले गेले असेल, तर निदान वर्षभर हा विषय बाजूला ठेवावा, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातल्या पाड्यांवरची सहा-सात वर्षांची मुले पहिलीपासून आश्रमशाळेत राहतात, कारण आई-वडील हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात आणि पाड्यावर त्यांना सांभाळणारे कोणी उरत नाही. त्या आई-वडिलांना चांगले पालकत्व काय असते हे शहरातल्या कोणीही शिकवू नये. त्यांच्यापुढे निवड नसते. भेट, फोन, आजारपण आणि तक्रार यांविषयी पुढे जे लिहिले आहे ते मात्र त्यांच्या मुलांनाही तितकेच लागू आहे, आणि ते मागण्याचा त्यांचा हक्क तसूभरही कमी नाही.

वय आणि तयारी

ब्रिटनमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना निवासी शाळेत पाठवण्याची जुनी प्रथा आहे. अशा लहान वयात घर सुटलेल्या माणसांमध्ये मोठेपणी दिसणाऱ्या अडचणींना, म्हणजे जवळच्या माणसापाशीही मन मोकळे न करणे, अवलंबून राहायची भीती वाटणे, अशा खुणांना, तेथील मनोविश्लेषक जॉय शॅव्हेरियन यांनी २०११ मध्ये ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असे नाव दिले. हा वैद्यकाने मान्य केलेला आजार नव्हे, परंतु त्या नावाने पुष्कळांना आपले बालपण ओळखता आले. याउलट, ऑस्ट्रेलियातील पाच हजारांहून अधिक माध्यमिक विद्यार्थ्यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निवासी मुले आणि घरून येणारी मुले अभ्यासाची ओढ व मानसिक स्वास्थ्य यांबाबत बहुतांशी सारखीच आढळली, काही बाबतींत निवासी मुले किंचित पुढे होती. हे दोन्ही शेजारी ठेवले की मला त्यात वयाचाच फरक दिसतो, आणि माझा अनुभवही तोच सांगतो. दहा वर्षांच्या आतले मूल नाइलाज असल्याशिवाय पाठवू नये. नवोदय आणि सैनिक शाळा सहावीपासून प्रवेश देतात. त्या वयात तयारी करून घेतलेले मूल रुळते, तयारी नसलेले मूल वर्षभर चाचपडते. आठवी-नववीत स्वतःच्या इच्छेने आलेली मुले सर्वांत लवकर रमतात. दहावीच्या ऐन वर्षी मात्र जागा बदलू नये.

तयारी म्हणजे काय, हे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरांत तयारी म्हणजे खरेदी असा अर्थ घेतला जातो. भांडी बाजारातून पत्र्याची पेटी आणली, तिच्यावर ऑइल पेंटने नाव घातले, प्रत्येक कपड्याच्या कॉलरला मार्किंग केले की आई-वडिलांना हायसे वाटते. ते सारे लागतेच. परंतु घरापासून दूर राहण्याची सवय पेटीत भरून देता येत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००७ मध्ये मुलांना येणाऱ्या घरच्या आठवणीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. आधी घराबाहेर राहण्याचा सराव द्यावा आणि निर्णयात मुलाला सहभागी करून घ्यावे, यावर त्यात भर आहे. सरावाची सोय आपल्याकडे मामाच्या गावाच्या रूपाने पूर्वापार आहे. जूनमध्ये जायचे असेल तर एप्रिल-मेमध्ये मुलाने आई-वडिलांशिवाय मामाकडे किंवा आत्याकडे आठ-दहा दिवस राहावे, आणि तेवढ्यात दोनदाच फोन करावा. परत आल्यावर ‘मजा आली का?’ असे विचारू नये. ‘रात्री आठवण आली तेव्हा तू काय केलेस?’ असे विचारावे. ‘उशीत तोंड घातले’, ‘मामीजवळ जाऊन बसलो’, ‘दुसऱ्या दिवशीच्या क्रिकेटचा विचार केला’, अशी जी उत्तरे येतील त्यांवरून मुलापाशी कोणता उपाय आहे ते कळते, आणि तोच उपाय त्याला पुढे उपयोगी पडतो.

कामांमध्ये मी पाच गोष्टी पाहायला सांगतो. मोजे आणि अंतर्वस्त्रे धुऊन वाळत घालणे, स्वतःचे अंथरूण घालणे-काढणे, पोट दुखते तेव्हा नेमके कोठे आणि केव्हापासून हे सांगता येणे, ताटात कमी पडले तर मोठ्या माणसाकडे मागता येणे, आणि ‘नाही’ म्हणता येणे. शेवटच्या दोन गोष्टी आपल्याकडे कोणी शिकवत नाही, उलट गप्प राहणाऱ्या मुलाला गुणी म्हणतात. असे गुणी मूल वसतिगृहात उपाशी राहू शकते. मुलगी असेल तर पाळी सुरू झालेली असो वा नसो, रात्री दोन वाजता तसे झाले तर कोणाला उठवायचे, पॅड कोठे मिळतात आणि वापरलेले कोठे टाकायचे, हे आईने शाळेत जाऊन मेट्रनशी, मुलीच्या उपस्थितीत, बोलून घ्यावे. झोपेत अंथरूण ओले होण्याचा त्रास असेल तर तो लपवू नये. जागा बदलल्यावर थांबलेला त्रासही पुन्हा सुरू होतो, आणि गृहपालाला आधी ठाऊक असेल तर पहाटे कोणाच्या नकळत चादर बदलता येते.

शाळा कशी पाहावी

माहितीपत्रक आणि प्रवेशाच्या काळातली फेरी यांतून शाळा कळत नाही. शक्य असेल तर एक वर्ष आधीपासून दोन वेळा जावे, एकदा जुलैमध्ये आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. जुलैमध्ये कपडे कोठे वाळतात ते पाहावे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, आणि ओलसर कपडे अंगावर चढवल्याने गजकर्ण, त्यातच दाटीच्या खोलीत पसरणारी खरूज, असे त्वचेचे विकार बघता बघता सगळ्या खोलीला होतात. पत्र्याची शेड, दोऱ्या आणि वारा खेळेल एवढी जागा आहे का, हे पाहणे संगणक कक्ष पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. डिसेंबरमध्ये आंघोळीचे पाणी पाहावे. निफाडचा पारा अनेकदा राज्यात सर्वांत खाली जातो, नाशिकलाही पहाटे हुडहुडी भरते, आणि चाळीस मुलांत गरम पाणी पहिल्या पंधरांनाच पुरत असेल, तर उरलेली पंचवीस मुले आंघोळ चुकवतात किंवा मोठ्या मुलांची मर्जी राखतात.

मुख्याध्यापकांशी बोलणे सौजन्याचे असते. माहिती गृहपाल, मेट्रन आणि स्वयंपाकघरातल्या मावशी देतात. गृहपालाला विचारावे: रात्री मुलांच्या खोलीपासून किती अंतरावर आपण झोपता? आपण सुट्टीवर असाल तेव्हा कोण असते? लहान आणि मोठ्या मुलांची स्नानगृहे वेगळी आहेत की वेळा वेगळ्या आहेत? तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते? आणि सर्वांत महत्त्वाचे, गेल्या वर्षी किती मुले मध्येच घरी परत गेली आणि का? ‘एकही नाही’ असे उत्तर आले तर मी सावध होईन. ‘चार गेली’ असे सांगून प्रत्येकाचे कारण सांगणारा गृहपाल आपल्या मुलांना ओळखतो. सिक रूमचे रजिस्टर मागून पाहावे. ताप, जुलाब, कावीळ यांच्या नोंदी तारखेसह आहेत का, पालकांना कळवल्याची वेळ लिहिली आहे का, हे दोन मिनिटांत दिसते. एकदा मुलांबरोबर मेसमध्ये बसून जेवावे आणि सातवीतल्या एखाद्या मुलाला, शिक्षक जवळ नसताना, ‘बुधवारी रात्री काय असते?’ असे विचारावे. तो हसून सांगतो की चाचरतो, त्यावरून पुष्कळ कळते.

कागदपत्रे थोडक्यात. शिक्षण मंडळाची संलग्नता आणि शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, तपासावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. चालू प्रमाणपत्र दाखवण्यास सांगावे. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे लेखी विचारावे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१८ मध्ये मुलांच्या वसतिगृहांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या शाळेला ठाऊक आहेत का, हे विचारले की शाळेची वृत्ती समजते. शुल्काबाबत एकच सांगतो: वर्षाच्या मध्यात मूल परत आणावे लागले तर काय परत मिळेल, ते पैसे भरण्यापूर्वी लिहून घ्यावे. पैसे अडकले आहेत म्हणून मूल अडकवून ठेवणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्या पालकांचा मला राग आला नाही, कारण ते पैसे द्राक्षाच्या एका हंगामाची सगळी कमाई होती.

निघताना काय सांगावे

पहिल्या दिवशी पेटी खाटेखाली सरकवल्यावर मूल विचारते, ‘मला नाही आवडलं तर?’ या वेळी हळवे होऊन ‘लगेच घेऊन जाईन’ असे सांगू नये. वर उल्लेखलेल्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही नेमक्या याच वचनाविषयी सावध केले आहे. परत नेण्याचे आश्वासन मिळालेले मूल रमण्याचा प्रयत्न करत नाही, ते दिवस मोजत बसते, आणि वचन पाळले नाही तर त्याचा विश्वास तुटतो. त्याऐवजी दोन वाक्ये स्पष्टपणे वेगळी सांगावीत. ‘आठवण येईल, जेवण आवडणार नाही, कोणाशी भांडण होईल, त्यासाठी आपण दिवाळीपर्यंत थांबू आणि दिवाळीत तिघे बसून ठरवू.’ आणि ‘कोणी मारले, अंगाला हात लावला, कपडे काढायला लावले, किंवा घरी सांगू नकोस असे म्हणाले, तर त्याच दिवशी आम्ही येऊ, तुझी चूक आहे का हे आधी विचारणार नाही.’ हा फरक दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण कळतो. निरोप अर्ध्या तासात संपवावा. झाडाआड थांबून पुन्हा एकदा पाहणाऱ्या आईमुळे त्या रात्री तीन खोल्या रडतात.

रविवारचा फोन

आमच्या वसतिगृहात फोन माझ्या टेबलावर होता. रविवारी दहा ते बारा मुले ओळीने उभी राहत, प्रत्येकाला तीन मिनिटे. मी हिशेब लिहीत समोरच बसलेला असे आणि मागच्या मुलाचा श्वास पुढच्याच्या मानेवर. मूल वायर बोटाला गुंडाळत बोलत असे: ‘हो, जेवलो. हो, बरं आहे. हो. ठेवू?’ पलीकडे आईला वाटे, पोरगा रमला.

निफाड तालुक्यातल्या एका मुलाने जूनपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक रविवारी असेच ‘बरं आहे’ सांगितले. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला सोडायला आलेली त्याची आई माझ्या खोलीत आली आणि पिशवीतून साबणाच्या पाच वड्या काढून टेबलावर ठेवल्या. वेष्टने शाबूत होती, फक्त कागदाचा रंग उडाला होता. जूनमध्ये तिने सहा दिल्या होत्या. ‘सर, हा पाच महिने कशाने आंघोळ करत होता?’ एवढेच ती म्हणाली. चौकशी केल्यावर कळले की पहाटे स्नानगृहात नववीतली दोन मुले त्याला उघडा उभा करून हसत, म्हणून तो नळाखाली डोके ओले करून बाहेर येत असे. हजेरीला मी ओले केस पाहत होतो आणि आंघोळ झाली असे समजत होतो. त्या दोन मुलांवर कारवाई झाली, स्नानगृहाच्या वेळा वेगळ्या केल्या आणि पहाटे तेथे मी स्वतः उभा राहू लागलो. परंतु ते पाच महिने त्या मुलाला परत देता आले नाहीत, आणि ती चूक माझी होती.

त्यानंतर प्रत्येक पालकाला मी फोनची एक रीत सांगू लागलो. घरच्या बोलण्यात सहज खपेल असा एक प्रश्न मुलाबरोबर आधी ठरवून ठेवावा. एका शेतकरी कुटुंबाने ‘विहिरीला पाणी किती आहे?’ हा प्रश्न ठरवला होता. मुलाने फोनवर तो विचारला की आईने काही न दाखवता ‘बरं आहे’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने निघायचे. सात वर्षांत तो एकदाच विचारला गेला आणि ती आली. शाळांनी याला आक्षेप घेऊ नये. ज्या शाळेत मुलांना एकांतात बोलू देतात तेथे त्याची गरजच पडत नाही. मोबाइलवर व्हिडिओ कॉल असला तरी मागे कोण उभे आहे ते पालकांना दिसत नाही, म्हणून ही सोय आजही ठेवावी.

प्रश्नही बदलावेत. ‘बरा आहेस ना?’ या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दिलेले असते. ‘जेवताना तुझ्या शेजारी कोण बसते?’, ‘आज कोण रडले?’, ‘कोणत्या सरांच्या तासाला वेळ लवकर जातो?’ असे विचारावे. पहिल्या सहा आठवड्यांत मूल फोनवर रडले तर घाबरू नये, आणि गप्पही करू नये. ‘आम्हालाही आठवण येते’ एवढे खरे सांगून मग त्या दिवसाचे बोलावे. घरच्या अडचणी लपवू नयेत. आजोबा दवाखान्यात आहेत हे मुलाला गावच्या कोणाकडून कळले, की पुढे घरचे कोणतेच ‘बरं आहे’ ते खरे मानत नाही. भेटीचा दिवस चुकवू नये. बाकीच्यांचे डबे उघडलेले असताना फाटकाकडे पाहत बसलेल्या मुलाला मी चिवडा देत असे, आणि ते घेत नसे.

कधी थांबू नये

रडणारे मूल सहसा सावरते. काळजी अचानक गप्प झालेल्या मुलाची करावी: ज्याचे वजन घटले, जे आवडता खेळ सोडून देते, एखाद्या माणसाचे नाव निघताच विषय बदलते, किंवा ज्याला दर रविवारी संध्याकाळी ताप येतो. अशा वेळी दिवाळीची वाट पाहू नये. न कळवता जावे, मुलाला आवाराबाहेर न्यावे, आणि प्रश्न विचारण्यापूर्वी त्याला पोटभर जेवू द्यावे.

कायदा मुलाच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘शाळेची बदनामी होईल, आपण आपसात मिटवू’ असे सांगणारा स्वतः गुन्हा करतो. संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलाला तोंडपाठ असावा. मूल मध्येच परत आणावे लागले, तर आठवीपर्यंत दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाहीत. नातेवाईक ‘पळून आला’ म्हणतील. त्यांना मुलासमोर स्पष्ट सांगावे की आम्ही त्याला आणले.

सुट्टीतली पेटी

दिवाळीला मूल घरी आले की दोन दिवस त्याला झोपू द्यावे आणि गुणांचा विषय काढू नये. तिसऱ्या दिवशी अंगणात किंवा गॅलरीत पेटी उघडून त्याच्याबरोबर ती रिकामी करावी. हे तपासणीसारखे करू नये, कपडे धुवायला काढताना बोलत बोलत करावे. साबण, टूथपेस्ट आणि तेल किती संपले ते पाहावे. नवा स्वेटर नसेल तर ‘हरवलास?’ असे न विचारता ‘आता कोणाकडे आहे?’ असे विचारावे. मलमाची नळी पूर्ण संपली असेल तर कोठे लावले ते पाहावे. वहीची मधलीच पाने फाडलेली असतील, खाऊचा डबा भरलेलाच परत आला असेल, किंवा दुसऱ्याच नावाचे मार्किंग असलेला जुना शर्ट सापडला असेल, तर त्या प्रत्येकामागे एखादी हकीकत असते, आणि ती हकीकत मूल हाताने काही काम करत असताना सांगते.

जाण्याच्या आदल्या दिवशी पेटी त्याची त्यालाच भरू द्यावी. काय घेतो आणि काय मागे ठेवतो, ते दुरून पाहावे. स्वतःहून बॅट, गोष्टीचे पुस्तक, मित्रासाठी बाजूला काढलेले चार अनारसे त्यात गेले, तर सकाळी नाशिकच्या ठक्कर बाजार एसटी स्टँडवर वेळेत पोहोचावे. रात्र झाली तरी पेटी उघडीच असेल आणि मूल पोट दुखते म्हणून पडून असेल, तर शाळेला फोन करून एक दिवस उशिरा येत असल्याचे कळवावे, आणि दिवा लावून त्याच्याजवळ बसावे.